येतो म्हणायचं बटण

आमच्या दाजींसमोर कुणी ठेच लागून पडलं, तर ते त्या माणसाला उचलायच्या आधी उंबरठ्याला झापायचे. "हाय का अक्कल? ही काय बसायची जागा हाय?" असं उंबरठ्याला. मग पडलेल्या माणसाकडे वळून, त्याच्या गुडघ्यावरची धूळ झटकत म्हणायचे, "तुमची चूक नाय हां. उंबरठ्याची चूक."

हे मी पहिल्यांदा ऐकलं ते त्यांच्याच लग्नात. बोहल्यावर चढताना नवरदेव पाटावरून सटकले. मुंडावळ्या एका कानावर, टोपी भटजींच्या मांडीवर. लोक हसले. दाजी शांतपणे उठले आणि पाट उलटा करून बघायला लागले. "गुळगुळीत लाकूड, त्यावर ऑइलपेंट. ज्याने केला त्याला स्वतःला लग्न करायचं नव्हतं काय?" मुहूर्त टळायला आला तरी पाट काही खाली ठेवेनात. आईने माझ्याकडे बघितलं, मी ताईकडे बघितलं. ताई अंतरपाटाच्या पलीकडे तोंडाला पदर लावून हसत होती, त्यामुळे आमचा नाइलाज झाला. असा हा माणूस आमच्या घरात आला.

मी शहापूर तालुक्यातल्या शेणव्याचा. दिनू म्हणतात मला. वीज खात्यात वायरमन आहे, म्हणजे गावात लाइट गेली की लोक आधी मला शिवी देतात आणि मग काडेपेटी शोधतात. दाजी मुरबाडचे, मोरेश्वर देसले. आधी कारखान्यात होते. तिथून संध्याकाळी कल्याणला जाऊन कॉम्प्युटरचा कोर्स केला, आणि ज्या काळात मुरबाडात लोक कॉम्प्युटर बघायला चपला बाहेर काढून खोलीत जायचे, त्या काळात यांनी नोकरी सोडून घरात कॉम्प्युटर आणून ठेवला. ताईने त्याला हळदकुंकू वाहिलं. कुंकू बटणांच्या फटीत गेलं आणि दोन अक्षरं उमटेनाशी झाली. दुसऱ्या कुणाचा नवरा भडकला असता. हे म्हणाले, "तुझी चूक नाय. बटणांना फटी ठेवल्याच कशाला?"

दाजी प्रोग्राम लिहायचे. ते लिहिणारे तेव्हा ठाण्या-मुंबईला पुष्कळ होते, पण दाजींचं खूळ वेगळं होतं. प्रोग्राम चालतो की नाही याच्याशी त्यांना फारसं देणंघेणं नसे. माणूस त्याच्यासमोर बसल्यावर कुठे अडतो, हे त्यांना बघायचं असे. "माणूस अडला म्हणजे वस्तू चुकली. मशीनने माणसासारखं वागायला पायजे दिनू, माणसाने मशीनसारखं का म्हणून?" एकदा मी त्यांना एसटी स्टँडवर सोडून गेलो आणि काम आटपून परत आलो तर हे तिथेच. कँटीनच्या दारावर 'ओढा' लिहिलं होतं आणि येणारा प्रत्येक जण दार ढकलत होता. दाजी गाड्यांवर गाड्या सोडून ते बघत उभे होते. मी म्हटलं, चला, चहा तरी घेऊ. दाजी पुढे झाले आणि त्यांनी दार ढकललं.

म्हसा गावच्या बैलांच्या जत्रेत तर कहर झाला. तिथे बैलांचा सौदा तोंडाने होत नाही. घेणारा आणि विकणारा रुमालाखाली हात धरतात आणि बोटं दाबून भाव ठरवतात, बाजूच्याला कळू नये म्हणून. दाजी ते बघून जागीच खिळले.

"बघ दिनू, ना पडदा, ना बटण. नुसती बोटं. कुणी कुणाला शिकवलं का?"

"तुम्हाला येतं का?"

"बघतो की," म्हणाले, आणि एका म्हाताऱ्या व्यापाऱ्यासमोर बसून त्याच्या रुमालाखाली हात घातला. कसं दाबतात, किती दाबतात, सगळं करून बघितलं. म्हातारा समाधानाने उठला आणि त्याने बैलाचा कासरा दाजींच्या हातात दिला.

"अहो, मी नुसतं बघत होतो," दाजी म्हणाले.

"बघायचं डोळ्यांनी असतं," म्हातारा म्हणाला आणि ठरलेले पैसे मोजून घेऊन गेला.

दाजींना ना शेत, ना गोठा. बैल टेम्पोत घालून आमच्याकडे शेणव्याला आणला. वाटभर मी डोक्याला हात लावून बसलो होतो आणि दाजी विचारात. किन्हवली मागे पडल्यावर म्हणाले, "म्हाताऱ्याची चूक नाय. माझीपण नाय. रुमालाची चूक. बोट दाबल्यावर त्याने एकदा विचारायला नको, नक्की का म्हणून?" त्या दिवसापासून त्यांच्या प्रत्येक प्रोग्राममध्ये जरा कुठे काही दाबलं की प्रश्न यायचा, 'नक्की का?' आणि आईने बैलाचं नावच 'नक्की' ठेवलं. त्याला ते शोभायचंही, कारण तो प्रत्येक पाऊल टाकायच्या आधी थांबून विचार करायचा.

दोन हजार साल उजाडलं त्या सुमाराला मुरबाडच्या भाऊशेठने आपल्या भाताच्या गिरणीसाठी दाजींकडून प्रोग्राम करून घ्यायचं ठरवलं. काम साधं होतं. कुणाचं भात आलं, किती पोती, कुठलं वाण, ते मशीनमध्ये घालायचं, म्हणजे एकाचा कोलम दुसऱ्याच्या पोत्यात जायला नको. दाजींनी तो जीव ओतून केला. पहिल्याच दिवशी भाऊशेठ वैतागले. नाव घातलं, 'नक्की का?' पोती घातली, 'नक्की का?' "अहो मोरूशेठ," ते म्हणाले, "पोतं लिवायचंय, मुलगी द्यायची नाय."

ते दाजींनी कमी केलं. पण खरा घोळ झाला तो शेवटच्या बटणाने. काम संपलं की प्रोग्राम मिटवायचं बटण. त्यावर दाजींनी सरळ लिहिलं होतं, 'बंद करा'. भाऊशेठ खुर्चीतून उठलेच. "गिरणीत बसून बंद म्हणता? लक्ष्मी हाय ही. आमी दुकान बंद करत नाय, वाढवतो." दाजी खूश. कुणी अडलं की हा माणूस खूशच व्हायचा. घरी येऊन 'बंद करा' पुसलं, 'वाढवा' लिहिलं. मग आठवड्याभरात सिद्धगडाच्या पायथ्याच्या गावचा एक म्हातारा भात घेऊन आला. त्याने पडद्यावर आपलं नाव बघितलं, नावापुढे पोती बघितली आणि खाली लिहिलेलं मोठ्याने वाचलं. "वाढवा. वाढवा की, नाय कोण म्हणतंय?" म्हणाला आणि स्वतःच्या हाताने बटण दाबलं. पडदा काळा झाला. म्हातारा पोती वाढायची वाट बघत बाकावर बसून राहिला. उठवता उठेना.

दाजींनी मग 'बाहेर जा' असं लिहिलं आणि नेहमीप्रमाणे ताईला मशीनपुढे बसवलं. प्रत्येक प्रोग्राम आधी ताईपुढे यायचा. ती पदराला हात पुसत यायची आणि दाजी मागे उभे राहून ती कुठे थांबते ते बघायचे. त्या दिवशी तिने सगळं नीट केलं आणि शेवटच्या बटणावर बोट नेऊन ते तसंच हवेत धरलं.

"दाब ना."

"मी नाय दाबणार."

"का?"

"असं कसं जा म्हणायचं? आपण घरातनं निघताना जाते म्हणतो का? येते म्हणतो. उद्या परत यायचंय ना याच्याकडे?"

दाजींनी खोलीत गोल गोल फेऱ्या मारल्या. मग बसले आणि बटणावर लिहिलं, 'येतो'. बायकांसाठी शेजारी दुसरं, 'येते'. ते दाबलं की पडद्यावर उमटायचं, 'या सावकाश'. भाऊशेठने पहिल्यांदा दाबलं तेव्हा त्यांनी मशीनला हात जोडले. भात घेऊन आलेल्या बाया मुद्दाम थांबायला लागल्या, आमाला एकदा येते म्हणू द्या म्हणून. सरळगावच्या, टोकावड्याच्या गिरणीवाल्यांकडून बोलावणी यायला लागली. दाजींचं नाव झालं, आणि ते नाव झालं ते ताईच्या हवेत राहिलेल्या बोटामुळे, हे दाजींना माहीत होतं. ताईला मात्र ते कुणी सांगितलं नव्हतं. इथेच सगळं बिनसलं.

दाजींना वाटलं, जी बाई मशीनपुढे इतकी छान अडते, ती स्वयंपाकघरात कुठे अडते तेही बघावं. कानावर पेन्सिल लावून ते ओट्यापाशी उभे राहायला लागले. "तू मिठाला डावा हात का घातलास?" "मोहरी घेताना वाकलीस का?" ताई म्हणायची, "माझं स्वयंपाकघर, मी वाकेन नाय तर लोळेन, तुमाला काय करायचंय?" एके दिवशी ती विहिरीवर गेलेली असताना दाजींनी सगळे डबे तिच्या हाताच्या अंतराप्रमाणे लावून टाकले. साखरेच्या जागी मीठ आलं. त्याच दुपारी सरळगावचा एक गिरणीवाला भाऊशेठबरोबर प्रोग्राम बघायला आला.

ताईने चहा दिला. पाहुण्याने एक घोट घेतला आणि बशीत बघत बसला. भाऊशेठ म्हणाले, "वैनी, चहात समुद्र घातलात काय?" ताईचा चेहरा उतरला. दाजी म्हणाले, "तिची चूक नाय. डब्यांची चूक." इथवर ठीक होतं. पण पाहुण्याने विचारलं, "आमच्याकडची माणसं बिनशिकलेली हायत. त्यांना जमंल का हे?" आणि आमच्या दाजींनी छाती फुगवून, मोठ्या अभिमानाने उत्तर दिलं.

"अहो, बिनधास्त घ्या. आमच्या हिला जमलं म्हणजे कुणालापण जमतं. अख्ख्या तालुक्यात हिच्याएवढं अडणारं माणूस मिळायचं नाय."

आता दाजींच्या शब्दकोशात अडणारं माणूस म्हणजे देवमाणूस. पण हा शब्दकोश दुसऱ्या कुणाकडे नव्हता. पाहुणा हसला, भाऊशेठ हसले, आणि ताई हातात ट्रे घेऊन दारात उभी होती.

पाहुणे गेल्यावर ती पिशवी भरून बाहेर आली. दाजी मशीनपुढे बसले होते. ती उंबरठ्यात म्हणाली, "जाते मी." दाजी म्हणाले, "हं." कळायला त्यांना इतका वेळ लागला, की तोवर शहापूरची एसटी सुटली होती.

मला ऑफिसात फोन आला. दाजींचा आवाज मी ओळखलाच नाही.

"दिनू, ती गेली रे."

"कुठं?"

"शेणव्याला. अरे, पण ती 'जाते' म्हणाली."

"मग गेली असेल."

"'येते' नाय म्हणाली रे. 'जाते' म्हणाली."

मी उभा होतो तो स्टुलावर बसलो. जी बाई मशीनलासुद्धा जाते म्हणत नाही, ती नवऱ्याला म्हणाली होती. गंमत संपली होती.

घरी आलो तर ताई आईबरोबर ओटीवर वाल सोलत बसलेली. आईने तिला एका शब्दाने विचारलं नव्हतं. मी विचारलं, तर ताई म्हणाली, "तुझ्या दाजींना सांग, माझ्यापेक्षा अडाणी बाई मिळाली तर बघा. सापडली की मला कळवा." आणि सोललेला वाल सालींच्या टोपलीत टाकला. दिवस गेले. दाजींचा रोज फोन, रोज एकच प्रश्न, काय म्हणते. मी म्हणायचो, काय नाय म्हणत. ते खरंच होतं. ती त्यांचं नाव घेत नव्हती. फक्त गोठ्यात नक्कीला पेंढा टाकताना त्याच्याशी बोलायची, आणि आई म्हणाली, "ही परत जाते का नाय, मला आता काय सांगता येत नाय बाबा." आईच्या तोंडून असं ऐकल्यावर मला धडकी भरली.

मी मुरबाडला जाऊन आलो. दाजी पिठलं-भात खात होते. मी एक घास घेतला, मिठाचा पत्ता नाही. "मीठ कुठाय?" विचारलं. दाजींनी डब्यांच्या फळीकडे बघितलं. "तिच्या हातापाशी ठेवलं होतं," म्हणाले. "तिचा हात नाय तर मला सापडत नाय." माणूस निम्मा झाला होता. मी त्यांना म्हटलं, दाजी, या आणि माफी मागा. ते म्हणाले, "येतो. पण नीट तयारी करून येतो."

त्यांची तयारी काय असणार, हे मला कळायला हवं होतं. रविवारी एसटीतून उतरले ते मॉनिटर गोधडीत गुंडाळून लहान पोरासारखा कडेवर घेऊन. खांद्यावरच्या पोत्यात बाकीचं मशीन. "कंडक्टर अर्ध्या तिकिटाचं विचारत होता," म्हणाले. ताईसाठी त्यांनी एक खास पडदा तयार केला होता. त्यावर काय लिहिलंय ते मलाही सांगेनात. आधी गोठ्यात गेले आणि नक्कीपुढे उभे राहून काहीतरी पुटपुटत तालीम केली. नक्की रवंथ करत सगळं ऐकून घेत होता.

मी ओटीवर वायर ओढून दिली. मोरूदाजी कॉम्प्युटर घेऊन आलेत म्हटल्यावर आळीतली निम्मी माणसं अंगणात. दाजींनी मशीन जोडलं, गोधडीची घडी केली आणि घसा साफ करून आत हाक मारली, "सुमन, एकदाच ये. एकदाच बघ, मग तू म्हणशील तसं."

ताई आली. कमरेवर हात, तोंडावर काही नाही. दाजींनी बटण दाबलं. मशीन घरघरलं, पडदा उजळायला लागला, आणि लाइट गेली.

सगळ्या आळीने वळून माझ्याकडे बघितलं. मी आजही शपथेवर सांगतो, मी काही केलं नव्हतं. लोक थोडा वेळ थांबले, मला दोन शब्द बोलले आणि पांगले. ओटीवर आम्ही चौघं राहिलो, आणि काळा पडदा.

"येईल आता लाइट," दाजी म्हणाले. "आली की बघ. त्यात सगळं लिवलंय."

"लाइट आता रात्रीच येते," ताई म्हणाली. "काय लिवलंय ते तोंडाने सांगा."

दाजींनी तोंड उघडलं. मिटलं. परत उघडलं. पडद्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. त्या माणसाला बायकोशी बोलायला बटण सापडेना.

"बघा," ताई म्हणाली. "अडलात."

"नाय, म्हणजे... त्या दिवशीचं वाक्य. वाक्याची चूक झाली. मला म्हणायचं होतं एक आणि वाक्य गेलं भलतीकडे. वाक्य नीट नव्हतं."

"वाक्य कुणी केलं?"

आईने सुपातला वाल खाली ठेवला. गोठ्यात नक्कीच्या गळ्यातली घंटा वाजली.

"मी," दाजी म्हणाले. त्यांनी पडद्याकडे पाठ फिरवली. मग म्हणाले, "माझी चूक, सुमन. वाक्याची नाय, डब्याची नाय. माणसाची चूक."

त्यांच्या तोंडून हे शब्द मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकले. ताईनेही पहिल्यांदाच ऐकले असणार, पण आमची ताई अशी सहज सोडणारी नव्हे. तिने कमरेवरचा हात काढला नाही. ती म्हणाली, "नक्की का?"

"नक्की," दाजी म्हणाले.

गोठ्यातून नक्कीने आपलं नाव ऐकून जोरात हंबरून ओ दिली. आधी आई हसली. मग मी. ताईने तोंडाला पदर लावला, लग्नात लावला होता तसा. दाजी मात्र हसले नाहीत. त्यांचं बोलणं एकदाचं सुटलं होतं आणि आता ते थांबेना. "बाकीची माणसं कळलं नाय तरी कायपण दाबून मोकळी होतात गो. तू थांबतेस. तू थांबलीस की मला कळतं, माझं काय चुकलंय. लोकांना येते म्हणणारं मशीन आवडलं, ते तुझं हाय. मी नुसतं लिवलं. तू नाय घरात तर मला मीठसुद्धा सापडत नाय."

ताईने पुढे होऊन ती गोधडी उचलली आणि काळा पडदा पुन्हा नीट गुंडाळून ठेवला. त्यात काय लिहिलं होतं, ते तिने कधीच बघितलं नाही.

सकाळी दोघं निघाली. ताई उंबरठ्यात वळून म्हणाली, "येते गो आये." मॉनिटर कडेवर घेतलेले दाजी अंगणात थांबून ते ऐकत होते. ऐकल्यावर चालायला लागले, आणि अंगणाच्या पायरीला ठेचकाळले. पायरीला काही बोलले नाहीत.

त्याला आता वर्षं झाली. मुरबाडच्या घरातले डबे ताईच्या मनाप्रमाणे आहेत आणि दाजींना ओट्यापाशी उभं राहायची बंदी आहे. प्रोग्राम अजून आधी तिच्यापुढेच येतो. फरक एकच पडलाय, आणि तो मी परवा बघितला. ताईला माझ्याबरोबर बाजारात जायचं होतं. दाजी आतल्या खोलीत मशीनवर टकटक करत होते. ताईने चपला घातल्या, पिशवी घेतली, आणि काहीच न बोलता बाहेर येऊन पायरीवर बसली. मी म्हटलं, चल की. तिने ओठांवर बोट ठेवलं.

आतली टकटक थांबली. खुर्ची सरकल्याचा आवाज आला, मग पावलं दारापर्यंत आली आणि दाराआड थांबली. दाजी विचारत काहीच नव्हते, नुसते उभे होते. ताईने माझ्याकडे बघून डोळे मिचकावले. थोडा वेळ तिने त्यांना तसंच ताटकळत ठेवलं. मग तिलाच राहवलं नाही.

"येते हां," ती म्हणाली.

"ये सावकाश," दाराआडून आवाज आला, आणि आत टकटक पुन्हा सुरू झाली.